अनधिकृत व्यक्ती

मोशी, ११ जानेवारी २०२६

दिग्विजय,

पत्र बघून दचकू नकोस. मी बरी आहे, घर जागेवर आहे. फोनवर अण्णांचं नाव काढलं की तुला लगेच मीटिंग लागते, म्हणून कागदावर लिहिते आहे. कागद मध्येच बंद करता येत नाही. फाडता येतो, पण त्यासाठी आधी थोडा तरी वाचावा लागतो.

लॅपटॉपची बॅटरी फुगली. गेल्या आठवड्यापासून तो टेबलावर ठेवला की डुगडुगायचा. मला वाटलं टेबलाचा पाय. पुठ्ठ्याची घडी घातली, तरी डुगडुगला. मग बोट फिरवायची पाटी वर आली आणि झाकण मिटेना. बंद केला, वायर काढली, टॉवेलात गुंडाळला आणि पीएमपीने चिंचवडच्या सर्व्हिस सेंटरला नेला. बसमध्ये मांडीवर धरून बसले होते. शेजारची बाई म्हणाली, मावशी, भाकरी आहे का गरम? मी हो म्हटलं.

काउंटरवर धनेश नावाचा मुलगा आहे, तुझ्याहून लहान असेल, पण इंजिनिअर आहे. त्याने नंबर टाकून बघितलं आणि म्हणाला, काकू, टेन्शन नाही, तीन वर्षांची वॉरंटी आहे, बॅटरीसकट, ऑक्टोबरपर्यंत चालते. मला तुझं कौतुक वाटलं. घेतानाच तू तो जास्तीचा प्लॅन घेतला होतास. मग त्याने लॅपटॉप पालथा केला, आणि तो बोलायचा थांबला.

मागच्या दहाही स्क्रूंवर पिवळ्या रेघा आहेत. त्या तू बघितल्या आहेस, चांगल्याच बघितल्या आहेस. धनेशला मात्र मला समजावून सांगावं लागलं. माझे मिस्टर चाकणच्या कंपनीत सव्वीस वर्षं असेंब्लीला होते, नट हवा तेवढा कसला की पेंट मार्करने नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत एक रेघ मारायची, हे त्यांचं काम. पुढे नट हलला तर रेघ मधोमध तुटते आणि बघणाऱ्याला कळतं. रेघ म्हणजे या नटाला माझा हात लागलाय, सैल निघाला तर मला विचारा. घरीही अण्णांची तीच सवय. कुकरच्या कानाला रेघ, पंख्याला रेघ, तुझ्या पलंगाच्या आठ बोल्टांना आठ रेघा.

धनेशने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "काकू, म्हणजे घरी उघडला होता."

मी म्हटलं, "हो. त्यांनी उघडला होता, आणि ते आता नाहीत."

त्याने मान खाली घातली, पण लिहायचं ते लिहिलंच. मागचं झाकण काढून आत बघितलं, बॅटरीच्या चार स्क्रूंवरही रेघा निघाल्या. बॅटरीची पिन काढून ठेवली, आता चार्जिंगला लावू नका म्हणाला, आणि झाकण बसवून लॅपटॉप परत दिला. सोबत कागद. त्यावर इंग्रजीत जे आहे ते तुला मराठीत सांगते: "अनधिकृत व्यक्तीने उघडले. ग्राहकाकडून गैरवापर. वॉरंटी रद्द."

घरी येऊन टॉवेल सोडला तेव्हा दिसलं की आता एकही रेघ जुळत नाही. अर्धी स्क्रूवर, अर्धी झाकणावर, मध्ये फट. बॅटरीपेक्षा मला त्याचंच जास्त लागलं. असो.

तुझ्याकडे काम एवढंच आहे. बिल तुझ्या नावावर आहे, त्यामुळे सेंटरच्या वरच्या मॅडमकडे तक्रार तूच करू शकतोस, नाहीतर मला अधिकारपत्र द्यावं लागतं. ते पाठव. मला फुकटची बॅटरी नको. मला ती ओळ काढून हवी आहे. कंपनीत अण्णांच्या हाताखालून गेलेली एकही गाडी परत आली नाही, असं मी म्हणणार नाही. आल्या असतील. पण आली तेव्हा खूण माझी आहे म्हणून त्यांनी स्वतः हात वर केला. अशा माणसाच्या कामावर कुणी गैरवापर म्हणून लिहावं आणि मी तो कागद घडी घालून कपाटात ठेवावा, हे होणार नाही.

आई

मोशी, १९ जानेवारी

दिग्विजय,

पत्राला उत्तर म्हणून तीन ओळींचा मेसेज आला. मी तो वहीत उतरवून घेतला आहे, म्हणजे पुढे मी असं म्हणालोच नव्हतो असं व्हायला नको. "आई, सोड ना. नवीन लॅपटॉप पाठवतो. नाहीतर थिनरने त्या रेघा पूस आणि वाकडच्या सेंटरला ने, त्यांना काय कळतंय."

नवीन नको. जुन्यावर माझी वाचायची पुस्तकं आहेत, अक्षर मोठं करून वाचायची सवय झाली आहे. आणि या घरात कुणीही त्या रेघांना थिनर लावणार नाही. तू आलास तरी तुला लावू देणार नाही. पुसून सांगायचं काय? की याला कुणाचा हात लागलाच नाही? ज्याने आयुष्यभर हात लागल्याची खूण केली, त्याच्या मागे त्याच्या बायकोने तेच पुसत बसायचं?

काल शालनकाकू आल्या होत्या. लॅपटॉप टेबलावर पालथा, शेजारी डिक्शनरी, मी चष्म्यात. त्यांना सगळं सांगितलं. तुझी चुलत आजी कशी आहे तुला माहीत आहे. म्हणाल्या, "अगं, माणूस गेला तवा कुनाशी भांडली न्हाईस, आन् आता या डब्यापायी भांडतीस व्हय?"

मी त्यांना चहा दिला. त्यांचं खरं होतं. माणूस गेला तेव्हा भांडायला समोर कुणी नव्हतं. जूनमध्ये सकाळी फर्स्ट शिफ्टच्या बसला उभे होते, स्टॉपवरच बसले ते बसले. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाच्या नळ्या कित्येक वर्षांपासून बंद होत आल्या होत्या. कुणाशी भांडणार? आता मात्र समोर एक कागद आहे, त्यावर एक खोटी ओळ आहे आणि ती खोडता येण्यासारखी आहे.

तर मी वॉरंटीचं पुस्तक वाचलं. एकेचाळीस पानं, मुंगीच्या डोक्याएवढी अक्षरं. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढचं जे काही आलं ते वाचनालयाच्या कार्डावर आणि तुझ्या जुन्या डिक्शनरीवर आलं, त्यामुळे मला वेळ लागतो. पण वेळ लागतो म्हणून मी एकही शब्द गाळत नाही, आणि जे भराभर वाचतात ते गाळतात. धनेशने गाळला. सतराव्या पानावर लिहिलंय की अनधिकृत व्यक्तीने उघडल्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही. उघडल्यामुळे झालेलं. नुसतं उघडलं म्हणून वॉरंटी जाते, असं एकेचाळीस पानांत कुठेही नाही. दोनदा बघितलं.

अण्णांनी उघडला एक वर्षापूर्वी. त्यानंतर वर्षभर तो रोज चालला. बॅटरी आत्ता फुगली. मग उघडल्यामुळे फुगली हे त्यांनी सिद्ध करावं. हेच मी वरच्या मॅडमपुढे मांडणार आहे. तुला यायची गरज नाही, तुझी सही तेवढी हवी आहे. पुन्हा मागणार नाही असं म्हणत नाही. मिळेपर्यंत रोज मागेन.

अण्णांनी तो उघडला कशाला, हे तू त्याही दिवशी विचारलं नाहीस आणि आताही विचारलं नाहीस. ते उगाच काही उघडणारे नव्हते.

आई

मोशी, ४ फेब्रुवारी

दिग्विजय,

अधिकारपत्र पोचलं. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतलं. खाली तू "आईला सर्व अधिकार देत आहे" असं लिहिलंस ते वाचून तो म्हणाला, काकू, फ्लॅट विकताय का? मी म्हटलं, बॅटरी बदलतेय.

काल सेंटरला गेले. वरच्या मॅडम म्हणजे रुपाली. चाळिशीच्या आत, तोंडाने गोड, घाईत. आधी मला खुर्ची देऊन सांगू लागल्या की आमच्याकडे पॉलिसी अशी आहे. मी पुस्तक काढलं, सतराव्या पानावर खुणेचा कागद घातला होता. बोट ठेवलं आणि त्यांनाच वाचायला लावलं. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. मग धनेशला आत बोलावलं आणि विचारलं, बॅटरी कशाने फुगली असेल? तो म्हणाला, मॅडम, अडीच वर्षं होत आली, सतत चार्जिंगला लावलेली असते, वयाने फुगतात. उघडल्यामुळे असं नाही सांगता येणार.

रुपाली मॅडम हसल्या. म्हणाल्या, "काकू, तुम्ही तर आमच्या लोकांपेक्षा नीट वाचलंत. शेरा काढते मी. बॅटरी पण बदलून देते."

दिग्विजय, मी जिंकले होते. तेवढा वेळ मला हलकं वाटलं, खरंच वाटलं. मग त्यांनी एक फॉर्म पुढे केला. नेहमीचाच आहे म्हणाल्या, सगळे करतात, खाली सही करा. मी वाचायला लागले. त्या घड्याळाकडे बघू लागल्या. चौथ्या ओळीत होतं: या यंत्रावर पाणी, चहा, कॉफी किंवा इतर कोणताही द्रव कधीही सांडलेला नाही.

ती ओळ मी तीनदा वाचली. शब्द सगळे येत होते, एकालाही डिक्शनरी लागली नाही. मी पेन खाली ठेवलं, म्हटलं, विचार करून सोमवारी येते. त्यांना वाटलं मला कळलं नाही. "अहो, फॉर्मॅलिटी आहे," म्हणाल्या. मी फॉर्म पिशवीत टाकला आणि निघाले. धनेश दारापर्यंत सोडायला आला.

आता ऐक. हे मी पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं. खरं तर त्याच्या एक वर्ष आधी तोंडाने बोलायला हवं होतं.

तो लॅपटॉप तू अण्णांना दिलास. आई, स्वयंपाकघरात नेऊ नकोस, असं मला बजावून दिलास. मी नेत होते. दुपारी ओट्यावर ठेवून वाचायचे, एकीकडे चहा उकळायचा. डिसेंबरात एके दिवशी, चार वाजता, अण्णा नुकतेच शिफ्टवरून आले होते. मी त्यांच्यासाठी कप उचलला, नजर पडद्यावरच्या ओळीवर होती, आणि अख्खा कप बटणांवर गेला. भरलेला.

मी नुसती उभी राहिले. ते बुटांसकट आत आले. बटण दाबून बंद केला, वायर ओढली, उलटा करून तंबूसारखा टॉवेलावर उभा केला. मग त्यांची छोटी पेटी आणली. मागचं झाकण काढलं, बॅटरीची पिन काढली, बॅटरी बाहेर काढली. एका कागदावर लॅपटॉपचं चित्र काढलं आणि ज्या जागेचा स्क्रू त्याच जागेवर ठेवला, कारण दोन आखूड होते. माझ्या काजळाच्या काडीला कापूस गुंडाळून एकेक बटण पुसलं. हॉलमध्ये पंख्याखाली दोन दिवस उघडा ठेवला. तिसऱ्या दिवशी सगळं जागच्या जागी बसवलं, सवयीने मार्कर काढला, रेघा मारल्या आणि चालू केला. चालू झाला. मी रडले तर म्हणाले, "बघ, तुझी पुस्तकं शाबूत आहेत." बस.

पुढचं तुला माहीत आहे, पण तुला तुझ्या बाजूने माहीत आहे. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी तू आलास. लॅपटॉप उचललास, मागच्या रेघा बघितल्यास, आणि मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असताना बाहेर म्हणालास, "वॉरंटीतली वस्तू आहे ती. स्क्रू पिळणं सोडून आयुष्यात दुसरं काही आलं का तुम्हाला?"

ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. मला एक वाक्य बोलायचं होतं, चहा माझ्या हातून सांडला. मी पोळी उलटली. पुढची लाटली. तू न जेवता गेलास, मार्चमध्ये हैदराबादला गेलास. हिंजवडीच्या ट्रॅफिकला कंटाळून गेला असं आपण दोघंही लोकांना सांगतो. जूनमध्ये तू आलास, सगळं केलंस, तेराव्यानंतर चौदाव्या दिवशी गेलास. तेव्हाही बोलता आलं असतं. तेव्हा मी स्वतःला सांगितलं, आता सांगून पोराचं ओझं वाढवू कशाला. ते खोटं होतं. मला भीती वाटत होती.

आता माझ्यापुढे दोन वाटा आहेत. सही केली तर अण्णांवरचा शेरा जातो, बॅटरी मिळते, सगळं स्वच्छ. फक्त एक खोटं, आणि ते आपल्या दोघांशिवाय कुणाला कळणार नाही. शिवाय त्यांनी तो कशासाठी उघडला, हे कागदावर कुठेच येत नाही. खरं लिहिलं तर बॅटरी मिळत नाही. सोमवारी जाते. तुला विचारत नाही, कळवते.

आई

मोशी, ९ फेब्रुवारी

दिग्विजय,

सोबत एक कागद जोडला आहे. वाच.

चौथी ओळ मी खोडली. शेजारी मराठीत लिहिलं: "डिसेंबर २०२४ मध्ये या लॅपटॉपवर माझ्या हातून एक कप चहा सांडला. माझ्या पतीने तो त्याच वेळी उघडून, कोरडा करून वाचवला. त्यानंतर तो वर्षभर चालला. उघडण्यात त्यांची काहीही चूक नाही." खाली सही, नाव, तारीख.

रुपाली मॅडमनी वाचलं आणि डोक्याला हात लावला. म्हणाल्या, काकू, आता मी काहीच करू शकत नाही. द्रव सांडला म्हटल्यावर सगळंच रद्द, त्यात बॅटरी पण आली. मी जिंकवत होते तुम्हाला. मी म्हटलं, मला माहीत आहे, आणि मी तुमची आभारी आहे. आता नामंजूर करा, पण कारण नीट लिहा. आधीचा शेरा खोडा, त्यावर तुमची सही करा, आणि हे नवं कारण लिहा.

त्या म्हणाल्या, "नामंजुरीचा कागद भांडून मागणारं माणूस मी आजपर्यंत बघितलं नाही."

पण लिहिलं. "अनधिकृत व्यक्तीने उघडले, गैरवापर" हे खोडलेलं आहे, शेजारी त्यांची सही आहे. खाली आहे: "ग्राहकाच्या आईकडून द्रव सांडल्याचे लेखी निवेदन. दावा नामंजूर." ग्राहक म्हणजे तू. आई म्हणजे मी. अण्णांचं त्यात कुठेही काही नाही.

धनेश जिन्यापर्यंत सोडायला आला. म्हणाला, आत एक पांढरा ठिपका असतो, ओल लागली की लाल होतो. तुमचा लाल झालेला मी पहिल्याच दिवशी बघितला होता, काकू. तुमच्या मिस्टरांच्या नावावर दोन गोष्टी लागू नयेत म्हणून एकच लिहिली. मी त्याला म्हटलं, तू चांगलं करायला गेलास आणि चुकीची गोष्ट ठेवलीस. तो हसला. मग कागदाच्या चिठोऱ्यावर बॅटरीचा नंबर लिहून दिला. हाच नंबर मागा, दुसरी बसते म्हणतील, घेऊ नका.

आई

मोशी, २ मार्च

दिग्विजय,

वीस तारखेला तू पाठवलेला नवीन लॅपटॉप आला. दारातूनच परत केला. कुरिअरवाला म्हणाला, काकू, घ्या ना, मुलाने पाठवलाय. मी म्हटलं, म्हणूनच. अकरा दिवस माझ्या पत्राला उत्तर नाही आणि उत्तर म्हणून खोकं. तुला वाईट वाटलं असेल तर वाटू दे.

बॅटरी मी स्वतः बदलली. नंबर दाखवून भोसरीतल्या दुकानातून आणली. दुकानदार बसवून देतो म्हणत होता, नको म्हटलं. वॉरंटी गेलेली वस्तू, आता तिला उघडायला कुणाची परवानगी लागत नाही. घरी टेबलावर पांढरा कागद पसरला, चित्र काढलं, अण्णांची पेटी उघडली. दहा स्क्रू, त्यांतले दोन आखूड. झाकणाच्या कडेला जुनं एटीएम कार्ड सरकवत नेलं, पुढच्या कोपऱ्यात अडकतं तिथे दम धरावा लागतो. पिन नखाने सरळ मागे ओढायची. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, वाकवायची नाही, टोचायची नाही. ती वाळू भरलेल्या पातेल्यात ठेवून गॅलरीत नेली आणि दुसऱ्या दिवशी सेंटरमधल्या जुन्या बॅटऱ्यांच्या खोक्यात टाकून आले. तिथे कुणी ग्राहकाचं नाव विचारत नाही.

झाकण बसवताना एकेक स्क्रू कसत होते. वाटत होतं, अजून थोडा पिळला तर त्याची रेघ जुळेल. नाही पिळला. स्क्रू हवा तेवढाच कसायचा, रेघेसाठी नाही. हे त्यांनीच मला सांगितलं असतं, आणि जरा रागावून सांगितलं असतं.

चालू झाला. दोन तास वाचत बसले. मग एकटीच होते म्हणून थोडी रडले, मग भाजी चिरली.

परवा तुझा फोन आला. तुझ्याकडे कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. मग तू विचारलंस, चहात साखर होती का. दोन चमचे, मी म्हटलं. तू म्हणालास, साखरेच्या चहाचा अख्खा कप म्हणजे बोर्ड जायलाच हवा होता, आई, मी काम करतो यात, असा लॅपटॉप वाचत नाही. मी म्हटलं, वाचला. तू म्हणालास, हो, वाचला. मग पुन्हा कुत्रं.

शेवटी तू विचारलंस, "मग अण्णांनी मला सांगितलं का नाही?" मी म्हटलं, लिहून कळवते. फोनवर माझ्याने झालं नसतं.

तोच प्रश्न मी त्यांना त्याच संध्याकाळी विचारला होता. तू नुकताच गेला होतास, तुझं ताट तसंच होतं. मी म्हटलं, मी आत्ता फोन करून सांगते त्याला, चहा माझ्या हातून सांडला म्हणून. त्यांनी माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि फ्रिजवर ठेवला. म्हणाले, "राहू दे. माझ्यावर रागावला तर चार दिवसांनी येईल. तुझ्यावर रागावला तर त्याला यायला घर कुठलं राहील?"

मला ते पटलं, कारण मला ते सोयीचं होतं. चार दिवसांनी येईल म्हणाले होते. त्यांचा हिशेब चुकला, तू आला नाहीस. तू वाईट आहेस म्हणून नाही. त्यांच्याइतकाच हट्टी आहेस म्हणून. आणि मी दोघांच्या मध्ये गप्प बसून राहिले, म्हणजे त्या चार दिवसांचे पाच महिने करण्यात माझाही वाटा आहे. तुझ्या बोलण्याने ते गेले नाहीत, डॉक्टरांनी मला तसं स्पष्ट सांगितलंय. रिपोर्ट माझ्याकडे आहे, तोही मी डिक्शनरी घेऊन वाचला आहे. ते तुझ्या डोक्यात असेल तर आजच काढून टाक. पण ते तुझी वाट बघत गेले, हे खरं आहे, आणि तेही मी लपवणार नाही.

मी माफी मागत नाही. माफी मागितली की तू जाऊ दे आई म्हणशील आणि आपण पुन्हा फोनवर हवापाण्याचं बोलू. मला ते नको. तुला राग यायला हवा, आणि या वेळी तो योग्य माणसावर यायला हवा. सुट्टी काढ आणि ये. टेबलापाशी बस आणि मला जे बोलायचं ते बोल, अण्णांना बोललास तेवढं, त्याहून जास्त बोल. मी गॅलरीत जाऊन उभी राहणार नाही. समोर बसेन आणि एकेका वाक्याला उत्तर देईन.

आई